तिसाव्या मिनिटानंतर

खिळेकाकांचं कामच मुलखावेगळं. विजेवरच्या दुचाकीची नवीकोरी बॅटरी घ्यायची, लोखंडी खोलीत ठेवायची, जाड काचेमागून बटण दाबून तिच्या पोटात खिळा घुसवायचा आणि पेटते का बघायचं. सतरा वर्षं हेच. बायको म्हणायची, "लोकांचे नवरे मोडलेलं दुरुस्त करतात, आमचे हे धडधाकट वस्तूंची वाट लावून पगार आणतात."

नियम असा, की खिळा घुसल्यावर तीस मिनिटं लक्ष ठेवायचं. तेवढ्यात पेटली नाही तर पास. एकतिसाव्या मिनिटाला कॅमेरा बंद करून सगळे जेवायला पळत. काका मात्र डबा तिथेच, काचेसमोर उघडत. का, तर म्हणे गप्प बसलेली बॅटरी जास्त वाईट. "बसले पाहुणीला सोबत करत," पोरं चिडवत. चिडवोत बापडी, काकांना कुठे फरक पडत होता!

त्या दिवशी पाचवी बॅटरीही गप्प बसली. ही पास झाली की नवी गाडी सोमवारी बाजारात. काका डब्याला झाकण लावत होते आणि काचेपलीकडे भडका उडाला. घड्याळात बावन्न मिनिटं झाली होती. त्यांनी वहीत तसं लिहिलं, खाली सही ठोकली.

खात्याच्या प्रमुख मॅडम वही वाचून वैतागल्या. बाई वाईट नव्हती, पण सकाळपासून वरून चार फोन आले होते.

"काका, नियम तीस मिनिटांचा आहे. हे खोडा."

"नियम आपल्याला, मॅडम. बॅटरीला कोण सांगणार?"

"तुमच्या निवृत्तीला दोन महिने राहिलेत. कशाला वाकड्यात शिरता?"

काका घाबरले होते, खोटं कशाला सांगा. तरी ते म्हणाले, "गाडी आपटून आत बॅटरीला असाच मार लागला, तर माणूस काय करतो? उचलतो, घरी नेतो, चार्जिंगला लावतो नि झोपतो. मी नाही खोडणार."

मॅडम खुर्चीत बसल्या. बाजारात यायच्या आधी कर्मचाऱ्यांना वापरायला दिलेल्या याच नव्या गाड्यांमधली एक त्यांनी वडिलांना दिली होती.

"परवा बाबा गाडीवरून घसरले," त्या हळूच म्हणाल्या. "गाडीला साधा ओरखडाही नाही म्हणून आम्ही खूश होतो."

त्यांनी फोन लावला. "बाबा, गाडी कुठे आहे? आणि चार्जिंगला लावलीय? नाही, वायर काढायला जाऊ नका. आईला घेऊन आधी रस्त्यावर या. चपला राहू देत."

दोघं रस्त्यावर आल्याचं कळेपर्यंत त्यांनी फोन कानाचा काढला नाही. मग वही ओढून काकांच्या सहीखाली आपली सही केली.