पाठीचा प्रकार

डॉक्टरांनी बाबांची एमआरआयची फिल्म उजेडावर धरली आणि पेनाच्या टोपणाने मणके मोजत ते पाठीच्या मध्यावर थांबले. "इथली गादी सरकलीय. मोठी, मधोमध आणि दगडासारखी कडक झालेली. यातला सगळ्यात वाईट प्रकार."

बाबा शिंपी. गिऱ्हाइकाच्या पाठीवरून नुसता हात फिरवून तेही प्रकार सांगायचे: ताठ, पोक आलेली, एक खांदा उतरलेली. मग त्या पाठीला बसेल असाच सदरा बेतायचे. प्रकार कळला की उपाय सापडतो, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

पाय बधिर झाल्यापासून त्यांचं मशीन झाकलेलं आहे.

"मग या प्रकाराला काय करता?" बाबांनी विचारलं.

"या वयात ऑपरेशन झेपणार नाही. आता सांभाळायचं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

बाबांनी फिल्म मागून घेतली आणि पाकिटात सरकवली. कापड पुरणार नाही हे गिऱ्हाइकाला सांगताना त्यांचाही आवाज असाच खाली यायचा.