कुहीचं रडार, वाडीचे शेअर

गांधीबागेतल्या कापडाच्या एका ठोक दुकानात पुष्पलता हेडाऊ यांनी सव्वीस वर्षं एकच काम केलं. आलेलं ठाण उलगडायचं आणि खोट शोधायची. वरची घडी सगळेच चांगली ठेवतात हे त्यांना पक्कं ठाऊक. पाच घड्या आत हात घातल्याशिवाय त्यांनी कापडालाही चांगलं म्हटलं नाही आणि माणसालाही. नोकरी सुटली, सवय सुटली नाही.

त्या सवयीनं एकदा घात केला होता. गल्लीतल्या प्रेमानंद विणकरानं सूत बदलून हलकं घातलं, असा त्यांनी दुकानात बोभाटा केला. सूत गिरणीतूनच तसं आलं होतं हे नंतर कळलं, पण तोवर प्रेमानंदाचं काम गेलं होतं. तेव्हापासून बाईंना कशाचाही संशय आला की त्यांचे यजमान मारोतराव फक्त प्रेमानंदाचं नाव घेत. बाई तो विषय तिथंच सोडत.

मारोतराव शहराच्या कडेला असलेल्या वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामातून मुनीम म्हणून निवृत्त झाले. तिथल्याच चहाच्या टपरीवर त्यांना दुर्गेश भेटला. तिशीचा, गोड बोलणारा. वाडीतच भाड्याच्या खोलीवर गुंतवणूक सल्लागार अशी पाटी लावून बसायचा. 'वर्षावेध' नावाची कंपनी पावसाचा अंदाज देणारी रडारं बनवते, तिचे शेअर बाजारात यायच्या आधीच घ्या, दोन वर्षांत चौपट, असं त्यानं सांगितलं. मारोतरावांनी घरात न विचारता दीड लाख दिले. गल्लीतल्या आणखी दहा घरांनीही दिले. आता दसऱ्याच्या आत आणखी दोन लाख टाकायचे होते. ठेव मोडावी लागणार होती आणि तिच्यावर बाईंचीही सही लागत होती, म्हणून गोष्ट बाहेर आली.

"रडार म्हंजे काय असते, मले सांगा ना," बाई म्हणाल्या.

"विमानतळावर असते तसं. अवं, कुहीले बसवलं त्यायनं. हा फोटो पाह्य."

फोटोत एका छतावर पांढरा गोल घुमट होता. "हे तं पाण्याची टाकी दिसून राहिली!"

"तुले सगळेच चोर दिसतात. प्रेमानंद बी दिसला होता."

बाईंनी सही केली नाही, वादही घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीकडे जाते म्हणून निघाल्या आणि कुहीची बस धरली.

सप्टेंबर सरत आला होता, धान लोंबीवर होता. विचारत विचारत त्या एका भातगिरणीपाशी पोचल्या. छतावर घुमट होता खरा. पण फिरत नव्हता, आवाज नव्हता. बाई गिरणीला वळसा घालून तार कुठून जाते ते शोधू लागल्या. तेवढ्यात जिन्यावरून एक मुलगी उतरली. ती भैरवी, कंपनीची इंजिनियर.

"काकू, कोणाला शोधून राहिल्या?"

"हे टाकी आहे का रडार, ते पाहून राहिली."

भैरवी हसली आणि त्यांना वर घेऊन गेली. घुमट नुसतं झाकण होतं, आतली तबकडी फिरत होती. ती हवेत लहरी सोडते, त्या पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतात, यायला लागलेल्या वेळावरून पाऊस किती लांब आहे ते कळतं. पडद्यावर हिरवा-पिवळा डाग सरकत होता. "वीस मिनिटांत मांढळला पडेल," भैरवी म्हणाली. बाईंनी घड्याळ पाहिलं. पंचविसाव्या मिनिटाला भैरवीनं मांढळच्या एका शेतकऱ्याला फोन लावला, तर पलीकडून पत्र्यावरच्या पावसाचा आवाजच आधी ऐकू आला.

बाई ओशाळल्या. इतक्या लांब येऊन आपण पुन्हा एका भल्या माणसावर संशय घेतला, असं त्यांना वाटलं. निघता निघता त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी बी तुमचे शेअर घेतले आहेत. आता मले काळजी नाही."

भैरवीचा चेहरा बदलला. "कोणते शेअर, काकू? कंपनी तीन भागीदारांची आहे. बाहेर कोणालाच शेअर विकले नाहीत."

दुर्गेशनं दिलेल्या शेअरच्या प्रमाणपत्राचा फोटो बाईंच्या मोबाईलमध्ये होता, तो त्यांनी दाखवला. चिन्ह कंपनीचंच होतं. पत्ता वाडीचा होता, सही करणाऱ्याचं नाव भैरवीनं कधी ऐकलं नव्हतं. पण बाईंच्या मनात लगेच दुसरी शंका शिरली, ही पोरगी तरी खरं बोलते कशावरून? त्यांनी कंपनीच्या एका भागीदाराला फोन लावायला लावला, तो बोलला तेही पूर्ण पटलं नाही. शेवटी, हे सगळं लिहून सहीशिक्क्यानिशी द्या म्हणून अडून बसल्या. कागद हातात पडल्यावरच उठल्या.

घरी आल्यावर कागद त्यांनी कपाटात ठेवला. दुर्गेशला चहाला बोलावलं, दोन लाखांचं बोलायचं म्हणून. तो पेढे घेऊन आला.

"कुहीचं रडार तू पाहिलं का गा?" बाईंनी सहज विचारलं.

"पाहिलं म्हणजे? मीच उभा राहून बसवून घेतलं, काकू. टेकडीवर आहे, मोठा टॉवर."

मारोतरावांनी मान वर केली. फोटोतलं छत त्यांना चांगलं आठवत होतं. "टेकडीवर? फोटोत तं छत आहे."

"ते... दुसरं आहे."

बाईंनी कागद पुढे ठेवला. मारोतरावांनी तो मुनिमासारखा बोट फिरवत वाचला, पुन्हा वाचला. दुर्गेश फोन आल्याचं सांगून उठला. मारोतराव त्याच्याआधी दारात गेले आणि फाटकाला कडी घालून उभे राहिले. बाईंनी पोलिसांना फोन लावला. ते येईपर्यंत मारोतराव तिथून हलले नाहीत.

दुर्गेशच्या खात्यात थोडेच पैसे सापडले. वर्ष होत आलं, मारोतरावांना दीड लाखातले बेचाळीस हजार मिळाले. त्यांनी बायकोची माफी मागितली नाही. मात्र ठेवीची पावती आणून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "हे तुयाजवळ ठेव."

गल्लीत मात्र बाईंचं कौतुक कोणी केलं नाही. "दोन महिने थांबली असती तं शेअर बाजारात आले असते," असं समोरच्या यमुताई अजूनही म्हणत. त्यांनी मुलीच्या लग्नाचे पैसे टाकले होते आणि तक्रार द्यायला त्या तयारच नव्हत्या. बाई रोज दुपारी तक्रारीचा छापील अर्ज घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसत. यमुताई तोंड फिरवत. नवव्या दिवशी त्या आतून पेन घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "वाच वं, काय लिहिलं आहे ते. सगळं वाच."

बाईंनी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.