आवाज मांडवावर होता

गेल्या गुरुवारी सकाळी दहाला पाच कमी असताना वंदना इंगळेला कामावरून काढलं. कारण लिहिलं, ‘पायलटला घाबरवलं.’ त्या पायलटच्या हेलिकॉप्टरचा को-पायलट मी. म्हणून लिहितोय.

वंदना आमच्या कंपनीची ग्राउंड ऑपरेटर. वॉकीटॉकी घेऊन हेलिपॅडवर उभी राहते. हेलिपॅड शिरपूर जैनच्या अलीकडे, एका शेतात. थोड्या अंतरावर उद्घाटनाचा मांडव, माणसांनी गच्च.

त्या सकाळी वर नुसतं धुकं. अशा वेळी आम्ही उपकरणांवर उतरतो. जीपीएस जागा दाखवतो, आपण सुई मधोमध ठेवायची. त्या जागेचे आकडे आम्हाला व्हॉट्सअॅपवर आले होते. नियमात बसत नाही, पण असंच चालतं आमच्यात, आणि कुणालाही लाज वाटत नाही.

सातशे फुटांवर पिवळी अक्षरं आली : इंटिग्रिटी नाही. म्हणजे जीपीएस जागा सांगतोय, पण ती खरी असल्याची हमी देत नाही. जमीन दिसत नसेल तर सरळ वर जायचं.

“सर, वर जाऊ.”

“सुई बघ, मधोमध आहे,” कॅप्टन म्हणाले. “पाहुणे मागे बसलेत.”

सुई खरंच तसूभर हलत नव्हती. उडत्या मशीनमध्ये ती थोडी तरी हलतेच. मला तिचीच भीती वाटली.

रेडिओवर वंदना आली. “सर, तुमी कुठी हायेत? आवाज मांडवावरून येऊन राह्यला.”

“तुझ्याच डोक्यावर. वर बघ की!” कॅप्टन हसले.

“वर काईच नाई, सर. तिकडं मांडवाचं कापड फडफडून राह्यलं. काहून आयकत नाई? वर जा!”

कॅप्टनचं हसू गेलं. त्यांनी मशीन वर खेचलं. तेवढ्यात धुकं फाटलं. खाली पताका होत्या, आणि मांडवाबाहेर वर वळलेले शेकडो चेहरे. कुणी पळत नव्हतं. मग पुन्हा पांढरं.

आम्ही अकोल्याला उतरलो. पाहुणे गाडीनं गेले. मॅनेजरचा फोन आला, “त्या पोरीनं घोळ घातला. रेकॉर्ड बघ, तुम्ही बरोबर हेलिपॅडवर होतात.”

“सर, रेकॉर्ड कुणी केलं? त्याच जीपीएसनं!”

“तू नवीन आहेस,” म्हणाले आणि फोन ठेवला.

कॅप्टननी रिपोर्टात ‘खराब हवामान’ एवढंच लिहिलं. मी पिवळी अक्षरं लिहिली. माझा कागद एकटा पडलाय. ज्या यंत्रानं स्वतःची हमी नाकारली, त्याची साक्ष चालते. कान असलेल्या बाईची चालत नाही.

तुम्ही त्या मांडवात बसला होतात? मग आवाज कुठून येत होता ते कागदावर लिहा, सही करा आणि वंदनाच्या हातात नेऊन द्या. आजच.