कवेलूंच्या फटी

"मॅडम, बाबा बॅग भरून वलगावला निघून गेले," वर्षा फोनवर म्हणाली. "काल तुम्ही बोललात ते त्यांनी ऐकलं."

काय ऐकलं, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

इरा, नील, तुमची आजी अजून घरांचे नकाशे काढते, हे तुम्हाला ठाऊक आहे. वर्षा माझी क्लायंट. अमरावतीला कॉलेजात शिकवते. तिचे वडील, आबाजी, जवळच्या वलगावात एकटेच राहायचे. वय ऐंशीच्या पुढे. एकदा ते चक्कर येऊन अंगणात पडले आणि बराच वेळ कुणाला कळलंच नाही. त्यानंतर वर्षानं घर बांधायला काढलं. आबाजींनी तिच्याजवळ राहावं, एवढ्यासाठीच ते घर होतं.

तुम्ही तिकडे परदेशात वाढलात, आमच्याकडचा मे महिना तुम्ही पाहिलेला नाही. अकोला-अमरावतीकडे तेव्हा कूलरशिवाय दुपार निघत नाही. कूलर म्हणजे एक पेटी. तिच्या तीन बाजूंना गवताच्या ताट्या, वरून त्यांच्यावर पाणी गळत राहतं, आत पंखा. बाहेरची कोरडी तापलेली हवा ओल्या ताट्यांतून आत ओढली जाते आणि पाणी सुकवता सुकवता स्वतः थंड होते. वर्षाच्या घरी मी डक्ट कूलर बसवला. म्हणजे एकच मोठा कूलर गच्चीवर आणि तिथून पत्र्याच्या चौकोनी नळीनं प्रत्येक खोलीत हवा. खिडक्या रबराची पट्टी असलेल्या, धुळीचा कण आत येणार नाही अशा. वर देखणं फॉल्स सीलिंग. त्या घराचे फोटो मी तुम्हालाही पाठवले होते.

आबाजी राहायला आले आणि तक्रार सुरू झाली.

"म्याडम, उकडून राहिलं. अंग निस्तं चिकट होते. रातभर डोया लागत नाई."

मी गेले. सकाळी गेले, कारण दुपारच्या उन्हात मी बाहेर पडत नाही. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि डक्टमधून गार हवा येत होती. मी थर्मामीटर काढून त्यांच्यासमोर धरला.

"आबाजी, आकडा बघा."

"आकड्याले घाम येते काय?" ते म्हणाले.

मी हसले. पुन्हा तक्रार आली, पुन्हा सकाळी गेले, पुन्हा सगळं ठीक. त्या दिवशी स्वयंपाकघरात मी वर्षाला म्हणाले, "कूलरमध्ये काही दोष नाही. त्यांना गावी परत जायचंय, म्हणून कारण काढताहेत. या वयात मन असं करतं. तुम्ही फार लक्ष देऊ नका."

साइटवर मिक्सरच्या खडखडाटात बोलून बोलून माझा आवाज मोठा झाला आहे. आबाजी पलीकडच्याच खोलीत होते.

वर्षाचा फोन आला त्या दिवशी मात्र मी भर दुपारी गाडी काढली. माफी मागायला निघाले होते असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. त्यांना समजावून परत आणायला निघाले होते.

आबाजींचं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. कवेलू म्हणजे भाजलेल्या मातीची कौलं. खिडकीत एक जुना, खडखडणारा कूलर. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं आणि दार लावून कडी घातली. मग दुसरी खिडकीही लावली.

"झळ येते," ते म्हणाले.

आता थोड्या वेळात कोंदट होईल, तेव्हाच विषय काढू, असं मी ठरवलं आणि वाट पाहत बसले. कोंदट झालं नाही. उलट घामानं ओला झालेला माझा पदर सुकला. आबाजींनी बिडी पेटवली. धूर कूलरच्या वाऱ्यानं आडवा झाला, भिंतीपाशी वर चढला आणि कवेलूंच्या फटींतून बाहेर निघून गेला. मी त्या फटींकडे बघत राहिले.

"आबाजी, वर्षाकडे दुपारी खिडक्या कोण लावतं?"

"मीच लावतो. जेवण झालं का समद्या लावून घेतो. रातीही लावतो, चोराचिलटाचं भेव. उनाच्या दिवसात खिडकी उघडी कोन ठेवते?"

कुणीच ठेवत नाही. अकोल्याला माझ्या आईच्या घरी दुपारी खिडक्या लावायचं काम माझंच होतं.

तुमच्या घरी हिवाळ्यात तळघरातली भट्टी हवा तापवते. भिंतीतल्या मोठ्या जाळीतून ती हवा परत भट्टीकडे जाते आणि पुन्हा तापते. तीच हवा फिरत राहते, म्हणून दारं-खिडक्या बंद ठेवलेल्या बऱ्या. कूलरचं उलट असतं. तो सतत बाहेरची नवी, ओलसर हवा आत ढकलतो. जेवढी आत येते तेवढी बाहेर जायला हवी. ती गेली नाही तर पंखा नुसता जोर करतो, खोलीत ओल साचते आणि अंगावरचा घाम वाळत नाही. आबाजींच्या घराला ही वाट छपरानंच दिली होती. वर्षाच्या ड्रॉइंगमध्ये मी दारांवर झरोके दाखवले होते. फॉल्स सीलिंग बिघडतं म्हणून मीच ते काढून टाकले. लोक खिडक्या उघड्या ठेवतील असं मी धरून चालले. अमरावतीत, मे महिन्यात.

"आबाजी, चूक माझी आहे," मी म्हणाले. "तिथे हवेला बाहेर जायला मी वाटच ठेवली नाही."

"म्हंजे उकडत होतं?"

"हो."

"मंग मी खोटं नवतो बोलत."

"नाही."

त्यांनी बिडी विझवली. "हे मले कायले सांगता? मले तं मालूमच होतं. पोरीले सांगा. मले डोक्याच्या डाक्टरकडे नेणार होती."

हे मला माहीत नव्हतं. वर्षा मला तसं बोलली नव्हती. पण मी स्वयंपाकघरात जे बोलले होते, त्यानंतर तिनं दुसरं काय करावं?

मी त्यांच्यासमोरच फोन लावला आणि एकेक गोष्ट सांगितली. खिडक्या, झरोके, मी काय गृहीत धरलं ते. वर्षा ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबांना द्या."

आबाजींनी फोन घेतला. "हां, बोल," म्हणाले आणि कडी काढून अंगणातल्या उन्हात गेले. मी त्या गार खोलीत एकटी बसून राहिले.

पुढच्याच आठवड्यात वर्षाच्या घरी प्रत्येक खोलीत, छतालगत झरोके पाडले. सीलिंग दिसायला बिघडलं. आबाजी परत आले, पण एकच बॅग घेऊन. बाकीचं सामान वलगावलाच आहे. "पावसायात पाहू," म्हणतात. दुपारी सगळ्या खिडक्या लावतात आणि झोपतात. मी गेले की चहा होतो, काही राग दिसत नाही. पण घरी पाहुणा आला की त्याला वरचा झरोका दाखवून सांगतात, "हे मांगून पाडलं."

मांगून म्हणजे मागाहून, घर झाल्यावर. ते माझ्यासमोरही सांगतात. मी मान हलवते.

आता नव्या क्लायंटला खोल्या किती हव्यात ते मी नंतर विचारते. आधी विचारते, दुपारी जेवण झाल्यावर तुमच्या घरात कोण उठतं आणि काय काय बंद करतं. तक्रार आली की दुपारीच जाते. थर्मामीटर अजून नेते, पण तो पर्समध्ये ठेवून आधी घाम येईपर्यंत बसते.