कॅरव्हानमधली पाचवी जागा

कॅरव्हान, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, चौघांची होती. विकणाऱ्या शेतकऱ्याने तसं सांगितलं होतं, कागदावरही लिहिलेलं होतं. मागे नवरा-बायकोपुरता पलंग, पुढे मुलींसाठी दोन बाकं. आमच्या घरात माणसं पाच होती. पाचवे आबा, माझे सासरे.

आबा फेब्रुवारी २०२० मध्ये कोल्हापूरहून तीन महिन्यांसाठी आयर्लंडला, ॲडम्सटाउनच्या आमच्या घरी आले. आदल्या वर्षी सासूबाई गेल्या होत्या, मुलाकडे जरा बदल होईल म्हणून बोलावलं. मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि तीन महिन्यांचं दीड वर्ष झालं. नवरा डॉक्टर, तो कायम हॉस्पिटलात. घरात मी, दोन मुली आणि आबा. सकाळी सहाला त्यांच्या गुळण्यांनी मला जाग यायची. मी घरून जवळच्या मेनूथ विद्यापीठातल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी डबे करायचे. आबा ओट्यापाशी येऊन एखादी पोळी उचलायचे, उजेडात धरून बघायचे आणि परत ठेवायचे. बोलायचे काहीच नाहीत. व्हिडिओ कॉलवर मात्र सगळ्या नातलगांना सांगायचे, "पोरगं लोकांचा जीव वाचवतंय, सून डबं भरतीया." मला त्यांचा राग यायचा असं म्हणणं म्हणजे स्वतःला सूट देणं आहे. मी त्यांचा द्वेष करत होते. नीट, रोज, वेळच्या वेळी.

२०२१च्या मे महिन्यात जिल्ह्याबाहेर जायची मोकळीक मिळाली आणि नवऱ्याच्या डोक्यात कॅरव्हानचं खूळ शिरलं. आमच्या चौघांचे आयरिश पासपोर्ट नुकतेच हातात आले होते. ऑगस्टमध्ये रॉसलेअर बंदरातून बोटीने फ्रान्स, दहा दिवस. आयर्लंडबाहेरची आमची पहिली सहल. चौदा वर्षांची जुनी कॅरव्हान दारात येऊन उभी राहिली, तेव्हा आबा चपला घालून बाहेर गेले, तिच्याभोवती एक फेरी मारली, अंगठ्याने भिंत दाबली आणि म्हणाले, "ओल धरलीया. पर गाडी वाईट न्हाई."

आबांची चाळीस वर्षं मोटारींच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. दुसऱ्या दिवशी ते नवऱ्याचं जुनं जॅकेट चढवून कॅरव्हानखाली आडवे झाले. दोन्ही चाकं उतरवली, बेअरिंग काढून रॉकेलने धुतली, हाताने ग्रीस भरलं. सव्वा वर्ष खुर्चीत बसून हवामानाला शिव्या देणारा माणूस आता पावसात शीळ घालत होता. शेजारचा म्हातारा बघायला यायचा, अंगठा वर करून "ग्रँड जॉब!" म्हणायचा. आबाही त्याला "ग्रँड, ग्रँड" म्हणायचे. दोघांना एकमेकांचं एवढंच कळायचं.

जूनमध्ये मी व्हिसाची कामं करणाऱ्या बॉल्सब्रिजच्या एका ऑफिसात फोन केला. आबांचा पासपोर्ट भारतीय, व्हिसा पाहुण्याचा, फक्त आयर्लंडपुरता. फ्रान्सला वेगळा लागतो. तो पाहुण्यांना इथून मिळत नाही, आपल्या देशात जाऊनच काढावा लागतो, असं तिथल्या बाईने दोन वेळा समजावलं. आयर्लंडला आलो म्हणजे अख्ख्या युरोपात आलो, ही चूक आपल्याकडचा दर दुसरा माणूस करतो. आबांनी तर कोल्हापुरात गल्लीभर पेढे वाटून 'युरोपला चाललोय' असं सांगितलं होतं.

फोन ठेवल्यावर मला जे वाटलं ते दुःख नव्हतं. दहा दिवस गुळण्या ऐकू येणार नाहीत, हा पहिला विचार होता.

त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो पलंगाच्या कडेवर बसला, बूटसुद्धा न काढता. म्हणाला, "उद्याच सांगून टाकू त्यांना."

"ब्रेक व्हायचेत अजून," मी म्हणाले. "गॅरेजवाल्याकडे सहा आठवड्यांची रांग आहे. आत्ता सांगितलंस तर ते पाना खाली ठेवतील."

तो वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. मग म्हणाला, "तू बघ काय ते." लोकांचा जीव वाचवणारा माणूस. गरज सरो, वैद्य मरो अशी म्हण आहे. आमच्याकडे वैद्य सुखरूप होता, मेकॅनिकचा नंबर लागला.

जुलैमध्ये आबांनी ब्रेक केले, छताची फट बुजवली, मागच्या दिव्यांच्या वायरी बदलल्या. कॅरव्हानच्या दर्शनी बाजूला कुंकवाने स्वस्तिक काढलं. असं चिन्ह मिरवत युरोपात शिरायचं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगता आलं असतं. मी भांड्याच्या फडक्याने पुसलं आणि पावसानं गेलं म्हणून सांगितलं. पुढच्या मंगळवारी त्यांनी पुन्हा काढलं, मी पुन्हा पुसलं. तोवर खोटं बोलणं मला पोळी लाटण्याइतकं सोपं झालं होतं.

मग एका दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. मुलींच्या बाकांच्या वर, भिंतीला बिजागऱ्या लावून, त्यांनी प्लायवूडची एक फळी बसवायला घेतली होती. दिवसा भिंतीला मिटायची, निजताना उघडायची. "पोरी, टेप धर की जरा," ते म्हणाले आणि खालच्या बाकावर बुटांसकट ताठ आडवे झाले. मी टेपचं एक टोक त्यांच्या टाळूपाशी धरलं, दुसरं टाचेपाशी. पाच फूट चार इंच. "दोन इंच जास्त घे. झोपंत पाय ताणतो मी."

मी दोन इंच जास्त घेतले. पेन्सिलीने खूणसुद्धा मीच केली.

थोरली दारातून बघत होती. ती म्हणाली, "आबा, इज दॅट युअर बेड? दॅट्स क्लास!" त्यांना शब्द कळले नाहीत, पण ते इतके खूश झाले की तिला वर चढवून झोपवून बघितलं.

निघायच्या तीन दिवस आधी सगळं काम संपलं. फ्रान्समध्ये उजवीकडून गाडी चालवायची, समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून गाडीच्या दिव्यांवर चिकटवायच्या काळ्या पट्ट्यासुद्धा आबांनी लावून टाकल्या. हात धुऊन स्वयंपाकघरात येऊन बसले आणि म्हणाले, "माझी ब्याग कवा भरायची?"

नवरा ड्युटीवर होता. ड्युटी अदलाबदल करून मुद्दाम गेला होता, हे मला नंतर कळलं. मी सांगितलं. व्हिसा, पासपोर्ट, नियम, सगळं. आणि शेवटी म्हणाले, "कालच कळलं हो आबा."

ते टेबलावरचा ग्रीसचा एक ठिपका नखाने खरवडत राहिले. हा माणूस आता आरडाओरडा करील, "कालच कसं कळलं?" असं विचारील, म्हणून मी वाट बघत उभी होते. त्यांनी विचारलं नाही. आणि ते विचारणार नाहीत हे लक्षात आल्यावर मला रडू फुटलं. सुटले म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

आबा खुर्चीवरून उठले. दीड वर्षात पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कशाला रडालीयास? तुझी काय चूक? माझ्याच पासपोर्टानं घोळ केला बघ." मग मला त्यांनी खुर्चीत बसवलं आणि स्वतः चहा ठेवला. साखर कुठल्या डब्यात असते तेही त्यांना ठाऊक नव्हतं, सगळे डबे उघडून शोधली. मी उठले नाही.

चहा पिता पिता त्यांनी इचलकरंजीला बहिणीला फोन लावला. आवाज मोठा करून सांगितलं, "फ्रान्स ऱ्हायलं गं. न्हाई, मला काय न्हाई वाटत. पर सूनबाई लई रडाय लागलीया माझ्यासाठी. माझी सख्खी लेक असती तर एवढी रडली नसती." मग डोळे पुसले आणि फोन माझ्यापुढे धरला. "बोल आत्याशी. तुला बघायचंय तिला."

मी पदर नसलेल्या कुर्त्याच्या बाहीने तोंड पुसलं, फोन हातात घेतला आणि म्हणाले, "हो ना आत्या. अगदी कालच कळलं बघा."