उतारावरचं तळं

नकाशा कचेरीतल्या मावशींच्या हाताखालून एकतीस वर्षांत अख्खा मुलूख गेला होता, पण त्यातलं एक गाव पाहिलं असेल तर शपथ. नद्या, डोंगर, गोऱ्या साहेबांनी लावलेले रबराचे मळे, सगळं त्यांनी काचेच्या टेबलावर, खालून दिवा लावून गिरवलेलं. जुना नकाशा खाली, पारदर्शक कागद वर, आणि हात असा स्थिर की शेजारी छप्पर कोसळलं तरी रेघ हलायची नाही. कचेरीचा नियम एकच: मूळ कागदावर आहे तेवढंच उतरवायचं, अक्कल घरी ठेवून यायची. मावशींनी तो इमानेइतबारे पाळला, आणि तिथेच सगळं फसलं.

एका दुपारी टोपल्या विणणारी एक बाई अर्ज घेऊन आली.

"बाई, आम्ही तळ्यात राहतो म्हणे," ती म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"तुमचा नकाशा. आम्ही वस्तीवर एक नर्स मागितली, एक खोली मागितली. आरोग्य खात्यातले साहेब म्हणतात, तिथे वस्तीच नाही, पाणी आहे. चाळीस घरं आहेत आमची. आणि हंडाभर पाण्यासाठी मी रोज अर्धा डोंगर उतरते."

मावशींना हसू आलं. मग बाईने सांगितलं, की सुनेचं पहिलं बाळ तिला झोळीत घालून खाली आणताना वाटेतच गेलं, आणि ती आता पुन्हा चार महिन्यांची गरोदर आहे. मावशींचं हसू जागच्या जागी विरलं. ते तळं त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांनीच ते तीन वेळा निळं केलं होतं, आणि दर वेळी, खोटं कशाला बोला, रंग किती एकसारखा बसला म्हणून स्वतःवर खूश झाल्या होत्या.

त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. आपण गिरवलेला नकाशा, त्याच्या आधीचा, त्याच्याही आधीचा, असं करत थेट परक्या सरकारच्या काळातल्या, कापडावर चिकटवलेल्या मूळ कागदापाशी पोचल्या. भिंग धरलं. इथे तळं काळं होतं. डोंगराच्या उंचीच्या रेषा त्याच्याखालून सरळ पलीकडे गेल्या होत्या, आणि कडेला चार बारीक शिंतोडे होते. कागद उलटा केला तर डाग मागच्या कापडावरही उतरलेला. कुणा गोऱ्या साहेबाच्या टाकातून शाईचा थेंब पडला होता, बस्स. पुढच्याने तो निळा केला, त्याच्या पुढच्याने त्याला काठ काढला, आणि मावशींनी रंग छान भरला.

कचेरीचे साहेब वयाने मावशींच्या मुलाएवढे. माणूस बरा, पण सही करायची म्हटली की त्यांना पेनच सापडायचं नाही.

"मावशी, शंभर वर्षांचं तळं एका डागावरून कसं पुसू? चूक म्हटलं तर तुमच्यावरच शेकेल. सहा महिन्यांनी निवृत्त होताय तुम्ही."

"शेकू दे. रंग मी भरलाय. तुम्ही फक्त एकदा वर चला."

आपल्या गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडत मावशी डोंगर चढल्या. नकाशात उंचीच्या रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा असतो, हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. तो चढ छातीत कसा भरतो, हे मात्र त्या दिवशी कळलं. तळ्याच्या बरोबर मध्यावर टोपलीवालीचं अंगण निघालं. साहेब नकाशा उलटसुलट करत उभे राहिले. मावशींनी तांब्याभर पाणी मागितलं, दोन घोट प्यायल्या आणि उरलेलं जमिनीवर ओतलं. पाणी साहेबांच्या बुटांवरून थेट खाली पळालं.

"एक तांब्या थांबत नाही इथे," मावशी म्हणाल्या. "तळं कुठून थांबेल?"

साहेबांनी ओले बूट झटकले. मग त्यांनी एक टोपली पालथी घातली, तिच्यावर कागद ठेवला आणि तिथेच पाहणीचं टिपण लिहून सही केली. मावशींना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी घडी करून डब्याच्या पिशवीत टाकली.

कामाच्या शेवटच्या दिवशी टोपलीवाली सुनेला आणि नातीला घेऊन आली. नात तीन आठवड्यांची, वस्तीवरच्या नव्या खोलीत, नर्सच्या हातावर झालेली. मावशींनी छापायला निघालेला नकाशा पसरला. निळं कुठे नव्हतं. उंचीच्या रेषा सलग, आणि त्यांच्यावर चाळीस काळे ठिपके.

"आमचं घर कुठलं?" सुनेने विचारलं.

मावशींनी बोट ठेवलं. तो ठिपका नियमापेक्षा जरा मोठाच होता, पण शेवटच्या दिवशी कोण मोजतंय.

सून बघायला वाकली, आणि नातीच्या तोंडातून लाळेचा टपोरा थेंब नेमका वस्तीवर पडला. शेजारी उभे असलेले साहेब टीपकागद शोधायला धावले. मावशींनी तो रुमालाने अलगद टिपला, कागद दिव्यासमोर धरून दोनदा तपासला, आणि त्याच रुमालाने स्वतःचे डोळेही पुसले.

"हिला जरा लांब धरा," त्या म्हणाल्या. "नाहीतर शंभर वर्षं पुन्हा तळ्यात जाल."