उत्तर किनाऱ्यावर हरवलेले इंजिनिअर

"याला आत टाका! यानेच माझ्या नवऱ्याला समुद्रात ढकललंय!"

भोपाळच्या टाउनशिपच्या ठाण्यात त्या दिवशी बाई अशा ओरडत होत्या, की कोठडीतल्या सायकलचोराने न विचारता आणखी दोन सायकली कबूल केल्या. नोकरीत मी चंबळचे दरोडेखोर पाहिले, पण अजून झोपेतून दचकून उठतो तो त्या आवाजाने.

प्रकरण असं. पिपलानीतले एक इंजिनिअर आणि त्यांचा शेजारी, दोघेही मराठी, जुनी जीप घेऊन उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर भटकायला निघाले होते. डहाणूपासून खाली, समुद्राकाठी तंबू ठोकत, आठवडाभर. बाईंचं माहेरही डहाणूचंच. आणि त्या सकाळी दूधवाल्याने बाईंना खबर दिली, की जीप शेजाऱ्याच्या क्वार्टरमागे ताडपत्रीखाली उभी आहे, इंजिनिअरसाहेब मात्र दिसत नाहीत. बाईंनी शेजाऱ्याला कॉलर धरून ठाण्यात आणलं. आमचं निम्मं काम तिथेच झालं.

मी रोजनामच्यात नोंद घेतली, बाईंना बाकावर बसवलं आणि चौकशी सुरू केली. शेजारी मूळचा ग्वाल्हेरचा. म्हणाला, साहेबांना किनारा इतका आवडला की ते तिथेच थांबलेत, रेल्वेने येतील. कुठे थांबलेत ते सांगेना. घाम असा गळत होता की शिपायाने टेबलावरचे कागद उचलून घेतले. खरं बोलणारा माणूस दोन वाक्यांत आटपतो; खोटं बोलणाऱ्याला वर्णन सुचतं. याने नारळीची बनं सांगितली, कोळ्यांच्या होड्या सांगितल्या, आणि म्हणाला, "साहेब, पहाटे तंबूतून डोकं बाहेर काढलं की समोर समुद्रातून सूर्य वर यायचा. लालबुंद."

मी उज्जैनचा. समुद्र मीही पाहिलेला नव्हता. मला ते इतकं आवडलं, की जबाबात शब्दशः उतरवून घेतलं.

बाई बाकावरून उठून टेबलापाशी आल्या. "साहेब, आमच्याकडे सूर्य समुद्रात बुडतो. उगवतो तो डोंगराकडून."

मी पेन खाली ठेवलं. माणूस मिळाला नाही तर कलम तीनशे दोन लागेल, हे शेजाऱ्याला नीट समजावून सांगितलं. तो रडकुंडीला आला, पण साहेबांनी शपथ घातलीय, एवढंच म्हणत राहिला. एका चहावर साथीदाराचं नाव सांगणारे खुनी मी पाहिलेत. हा शेजाऱ्यासाठी फासावर जायला तयार. शेवटी बाईच त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. "भाऊजी, ते जिवंत आहेत का, तेवढं सांगा."

मग तो फुटला. जीप भोपाळपासून तासाभरावरच्या सीहोरच्या अलीकडेच बंद पडली होती. मेकॅनिकने कशीबशी चालू केली, पण कोकणापर्यंत जाण्याची तिची ताकद नव्हती. परत तरी कसं फिरायचं? निघताना क्वार्टर्सच्या अख्ख्या लाइनीने जीपला हार घातला होता, नारळ फोडला होता, बायकांनी दोघांना ओवाळलं होतं. म्हणून त्यांनी भोपाळच्याच मोठ्या तलावाच्या उत्तर काठावर तंबू ठोकला. शेजाऱ्याला डास चावून ताप आला आणि तो जीप घेऊन गुपचूप घरी आला. साहेब आठवडा भरेपर्यंत तिथेच बसणार होते.

आम्ही बाईंना घेऊन तलावावर पोचलो. साहेब लुंगीवर, स्टोव्हला पंप मारत बसलेले. त्यांनी मला पाहिलं, शिपाई पाहिले, मग बायकोला पाहिलं. आणि म्हणाले, "अगं, तू डहाणूला कशी?"

दोन्ही शिपाई पाठ फिरवून बगळे बघू लागले.

चोर शिक्षेला घाबरतो, टाउनशिपमधला सभ्य माणूस शेजारपाजारच्या हसण्याला. आणि दुसरी भीती कितीतरी मोठी, हे मी त्या काठावर शिकलो. पुढे कुणी बेपत्ता झाला की मी आधी विचारायचो, त्याला निरोप द्यायला कोण कोण आलं होतं.

परत निघताना मी बाईंना म्हणालो, माणूस धडधाकट मिळाला, आता ठाण्यात येऊन सही करा, म्हणजे प्रकरण बंद करतो. त्या पोलीस जीपमध्ये पुढे बसल्या, पदर सारखा केला.

"उद्या येते," त्या म्हणाल्या. "आज राहू द्या हरवलेले."